हिरवं सगळं गवत नसतं



मागच्या महिन्यात वडोदऱ्याच्या एका ताईंनी मला एक फोटो पाठवला. तळ्याचा काठ, पाण्यात उभी असलेली पुरुषभर उंचीची हिरवी पाती आणि त्यांतून वर आलेली तपकिरी, गुळगुळीत कणसं. खाली त्यांनी विचारलं होतं, "साहेब, तुकोबांच्या अभंगातला लव्हाळा तो हाच का?"

एका ओळीचं उत्तर द्यायचं तर "नाही." ते मी त्याच दिवशी कळवलं. पण तेवढ्यावर मला गप्प बसवेना. पाण्याकाठच्या या हिरव्या झाडोऱ्यात कोण कोण आहे, हे न ओळखल्यामुळे माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली आहे. माझ्याहून कितीतरी जाणत्या माणसांच्या हातूनही अशी चूक झाली, आणि तिची किंमत माणसांनी आणि पक्ष्यांनी मोजली. आजचा भाग त्याबद्दल आहे. आपली मालिका इतिहासाची आहे, वनस्पतिशास्त्राची नाही, हे मी विसरलेलो नाही. वेढे, राजे आणि व्हाइसरॉय सगळे येतील. फक्त आधी दहा मिनिटं तळ्याच्या काठावर बसू.

बोटांत धरून पाहा

लांबून पाहिलं तर पाणथळीतलं सगळं हिरवं सारखंच दिसतं. त्यामुळे ओळख पटवायची तर बूट काढून उतरावं लागतं आणि एक दांडा हातात घ्यावा लागतो.

दांडा अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. तो गोल लागला, त्यावर ठरावीक अंतराने पेरं असली आणि कापल्यावर पेरांमधला भाग बहुधा पोकळ निघाला, तर ते गवत. देवनळ हे उंच गवतच. गवताची पानं दोन रांगांत, समोरासमोर येतात आणि पानाचं आवरण दांड्याला वेढताना एका बाजूने उघडं राहतं.

फिरवताना बोटाला तीन कडा टोचल्या, दांडा भरीव निघाला, त्याला पेरं दिसली नाहीत आणि पानं तीन रांगांत आली असली, तर ते लव्हाळ्याचं कूळ. मोथा, नागरमोथा, लव्हाळा ही त्यातली आपली मंडळी. त्यांच्या पानाचं आवरण नळीसारखं बंद असतं. शास्त्रीय भाषेत या कुळातली मोठी प्रजाती म्हणजे सायपेरस.

आता ताईंच्या फोटोतली वनस्पती. ती या दोन्हींत बसत नाही. ते पाणकणीस, म्हणजेच टायफा. त्याची लांब, पट्ट्यासारखी पानं बुडापासून पंख्यासारखी निघतात. पान आडवं कापलं की आत हवेच्या खोल्या दिसतात, जणू स्पंजच. कणसाचे दोन भाग असतात, वर नरफुलं आणि खाली मादीफुलं. नरफुलं झडून गेली की वर नुसती काडी उरते आणि खालचं तपकिरी कणीस राहतं. दोन्ही भागांच्या मध्ये बोटभर उघडी दांडी आहे का, तेही बघावं. आपल्याकडच्या नेहमीच्या पाणकणसात ती असते. थंड प्रदेशातल्या रुंद पानांच्या जातीत दोन्ही भाग चिकटून येतात. कणीस पिकून फुटलं की कापसासारखा भुरका उडतो. एका कणसातलं बी लाखाच्या घरात असतं, त्यामुळे हे झाड नव्या तळ्यात न बोलावता हजर होतं.

फसवणारा आहे तो चौथा गडी. कूळ लव्हाळ्याचं, पण दांडा गोल. तीन कडांचा नियम इथे हरतो. उंच, हिरवागार, जवळजवळ बिनपानांचा दांडा आणि टोकाच्या जरा खाली एका बाजूने फुटल्यासारखा दिसणारा तपकिरी तुरा. तुऱ्याच्या वर दांडा पुढे गेलेला दिसतो तो खरं तर दांडा नसतो, तुऱ्याखालचं एक पानच ताठ उभं राहिलेलं असतं. हा शोएनोप्लेक्टस. १७५३ साली लिनियसने याला आणि याच्या अनेक भाऊबंदांना 'स्किर्पस' या एकाच नावाखाली ठेवलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी ते घर वाटून वेगवेगळे संसार मांडून दिले. म्हणून जुन्या आणि नव्या पुस्तकांत एकाच झाडाची दोन नावं सापडतात.

इंग्रजीचा गोंधळ तर आणखी मोठा. 'बुलरश' हा एक शब्द तीन वनस्पतींना वापरला जातो. ब्रिटनमधला सामान्य माणूस पाणकणसाला बुलरश म्हणतो. वनस्पतिशास्त्रज्ञ बहुधा गोल दांड्याच्या लव्हाळ्याला तसं म्हणतो. आणि १६११च्या इंग्रजी बायबलात बाळ मोशेला ज्या बुलरशच्या पेटीत घालून नाईलच्या काठी ठेवलं, ती वनस्पती म्हणजे इजिप्तचा पपायरस असं मानलं जातं. तो लव्हाळ्याच्या कुळातलाच, तीन कडांच्या दांड्याचा. त्याच्याच गराचे पापुद्रे एकमेकांवर दाबून कागद करत.

चटईचा नकाशा

हा गोंधळ पुस्तकात शिकणाऱ्यांचा आहे. हाताने काम करणाऱ्यांचा तो कधीच नव्हता.

नोकरीत मी देशभर फिरलो आणि जिथे गेलो तिथे जमिनीवर बसलो. काश्मीरमध्ये ज्या चटईवर बसलो तिला 'वगू' म्हणतात. ती पाणकणसाच्या पानांची. तिथे त्याला 'पेच' म्हणतात. पानात हवा असल्यामुळे ही चटई थंडी अडवते. मणिपूरमध्ये 'कौना' नावाच्या दांड्याच्या जाड, मऊ चटया आणि टोपल्या पाहिल्या. तो आपला चौथा गडी, गोल दांड्याचा शोएनोप्लेक्टस. बंगालमध्ये मेदिनीपूरकडची 'मादुर' ही सायपेरसच्या काडीची. तमिळनाडूत ताम्रपर्णीच्या खोऱ्यातल्या पत्तमडैची चटई 'कोरै' नावाच्या सायपेरसची. त्याची काडी इतकी बारीक चिरतात, की विणलेली चटई कापडासारखी घडी घालून ठेवता येते.

चार प्रांत आणि चार चटया झाल्या. यांतल्या कुठल्याही विणकराला तुम्ही दुसऱ्याची काडी देऊन पाहा, तो हातात घेताक्षणी परत करील. चुकीची काडी विणली तर त्याची चटई कोणी विकत घेणार नाही. ज्याचं पोट ओळखीवर चालतं त्याची ओळख पक्की असते. पुढे भरतपूरला गेल्यावर हे वाक्य आपल्याला लागणार आहे.

माझी चूक

आता माझी गोष्ट. साल सांगत नाही, पण मी नवा कॅप्टन होतो. पंजाबात रात्रीचा युद्धसराव चालू होता. माझ्या कंपनीला पहाटेपूर्वी एका नाल्यापलीकडे पोहोचायचं होतं. नकाशावर त्या जागी नाला बारीक होता आणि उन्हाळ्यात कोरडा पडतो असं मी गृहीत धरलं. संध्याकाळी पाहणी केली तेव्हा समोर हिरवा पट्टा दिसला. मी म्हणालो, गवत आहे, जीप जाईल.

तिथे एक म्हातारा म्हशी घेऊन उभा होता. तो आपणहून म्हणाला, "साबजी, ये सरकंडा नहीं, दिब्ब है. अंदर मत जाना." सरकंडा म्हणजे वाळूच्या, घट्ट काठावर वाढणारं उंच गवत. दिब्ब म्हणजे पाणकणीस. जिथे पाणी बराच काळ साचून राहतं आणि खाली चिखल खोल असतो तिथे ते माजतं. म्हातारा मला झाडाचं नाव सांगत नव्हता, पायाखालची जमीन सांगत होता. मी हसलो, त्याला रामराम केला आणि पुढे गेलो.

रात्री पहिली जीप आसापर्यंत रुतली. तिला ओढायला गेलेला ट्रकही रुतला. अंपायरने माझी कंपनी बाद ठरवली. सकाळी रिकव्हरीची गाडी आली तेव्हा तोच म्हातारा म्हशींसह काठावर उभा होता. तो हसला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

यापुढचं सांगायला जड जातं, पण सांगतो. चौकशीच्या कागदावर "चालकाने मार्ग सोडला" अशी नोंद झाली. मार्ग मी दिला होता. ती नोंद मी होऊ दिली. त्या मुलाला किरकोळ शिक्षा झाली. तो आज कुठे आहे मला ठाऊक नाही. जमीन मला वाचता आली नव्हती आणि दोष मात्र जो समोर, हाताशी होता त्याच्यावर गेला. पुढे भरतपूरचा इतिहास वाचताना हाच नमुना मला पुन्हा दिसला.

पाण्याने लढवलेला मुलूख

राजस्थानातलं भरतपूर मराठी माणसाला परकं नाही. इथला जाट राजा सूरजमल पानिपतच्या मोहिमेत आधी भाऊसाहेबांबरोबर होता आणि मतभेद झाल्यावर लढाईपूर्वी बाजूला झाला. तरीही १४ जानेवारी १७६१ नंतर दक्षिणेकडे परतणाऱ्या जखमी, उपाशी मराठ्यांना त्याने अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. ते ऋण आपण विसरू नये. पुढे १८०५ साली यशवंतराव होळकर इंग्रजांशी झुंजत भरतपूरच्या आश्रयाला गेले, तेव्हा लॉर्ड लेकने भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला. त्याचे चारही हल्ले फसले.

तो किल्ला मातीचा होता. तोफगोळे त्या जाड मातीत रुतून बसत. आणि भोवती पाण्याने भरलेला रुंद खंदक. हा सगळा मुलूख सखल. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पुराचं पाणी इथे पसरायचं. ते अडवायला, वळवायला बांध घातलेले होते. त्यांतला अजान बांध सूरजमलच्या काळातला. थोडक्यात, भरतपूरवाल्यांना पाणी कुठे थांबवायचं आणि कुठे सोडायचं याची विद्या अवगत होती.

ही विद्या इंग्रजांच्याही लक्षात आली. १८२५च्या डिसेंबरात लॉर्ड कोंबरमिअर दुसऱ्यांदा वेढा घालायला आला, तेव्हा त्याच्या सैन्याने पहिलं काम केलं ते झिलीचा बांध ताब्यात घेण्याचं. किल्ल्यातल्या लोकांनी खंदकात पाणी सोडण्यासाठी बांध फोडायला सुरुवात केली होती. ती फट इंग्रजांनी बुजवली. खंदकात पुरेसं पाणी आलं नाही. पुढे सुरुंग लावून तट उडवला आणि १८ जानेवारी १८२६ रोजी भरतपूर पडलं. फौजी माणूस म्हणून मी सांगतो, तो वेढा निम्मा त्या बांधावरच जिंकला गेला होता.

दगडावर कोरलेले आकडे

याच पाणथळ मुलखात, भरतपूर शहराच्या आग्नेयेला, केवलादेवाचं म्हणजे शंकराचं एक देऊळ आहे. त्याच्या भोवतालच्या जंगलाला लोक 'घना' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोरवीच्या राजघराण्यातले हरभामजी भरतपूरचा कारभार पाहत होते. त्यांच्या काळात इथे बांध, पाट आणि दरवाजे बांधून अजान बांधाचं पाणी आत घेण्याची व्यवस्था झाली. हेतू बदकांच्या शिकारीचा. पाहुणे येत, पाण्यात उभं राहून बंदुका चालवत आणि मारलेल्या पक्ष्यांची संख्या दगडावर कोरली जाई. ते दगड आजही तिथे उभे आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद त्यावर आहे.

ही जागा सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटरची. स्वातंत्र्यानंतर ती पक्ष्यांसाठी राखावी म्हणून सलीम अलींनी जो आग्रह धरला, तो फळाला आला. १९५६ मध्ये अभयारण्य झालं. पाहुण्यांच्या शिकारी त्यानंतरही काही वर्षं चालल्या, पण अखेर थांबल्या. १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, त्याच वर्षी रामसर यादीत नाव गेलं आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत.

या सगळ्या काळात एक गोष्ट चालूच होती. राजांच्या काळी, शिकारीच्या काळी आणि अभयारण्याच्या काळीही आसपासच्या गावांच्या म्हशी तिथे चरत होत्या. पाण्यात डुंबत होत्या, चिखल तुडवत होत्या, गवत खात होत्या. त्याकडे कोणी इतिहास म्हणून पाहिलं नाही. म्हशींच्या नावाने दगड कोरत नाहीत.

म्हशी बाहेर, गवत आत

राष्ट्रीय उद्यान झालं की कायद्याने चराई बंद होते. १९८२च्या नोव्हेंबरात ती अमलात आली. त्या काळी अनेक निसर्गतज्ज्ञांचं मतही बंदीच्या बाजूने होतं. पक्ष्यांची जागा, मग तिथे म्हशी कशाला, हा विचार वरकरणी कोणालाही पटेल. गावकऱ्यांना पटला नाही. ते जमले, संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी मारले गेले. एका पक्षी-उद्यानाच्या इतिहासात माणसांचं रक्त आहे, हे सहलीला जाणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

आता इथे आपली बोटांची परीक्षा उपयोगी पडते. त्या उथळ पाण्यात तीन प्रकारची हिरवाई होती. एक, पाणकणीस. हिंदीत त्याला पटेरा म्हणतात. दोन, पास्पालम डिस्टिकम नावाचं गवत. हे मूळचं अमेरिका खंडातलं. पेरापेराला मूळ धरत ते पाण्यावर गादीसारखं पसरतं आणि त्याच्या तुऱ्याला इंग्रजी 'व्ही'सारख्या दोन फांद्या असतात. तीन, लव्हाळ्याच्या कुळातल्या मोथ्यासारख्या वनस्पती. त्या अंगाने लहान, पण चिखलात त्यांचे कंद वाढतात.

म्हैस पास्पालम आवडीने खाते. म्हैस बाहेर गेल्यावर त्या गवताला आवर घालणारं कोणी उरलं नाही. उथळ पाण्यावर त्याची गादी दाट होत गेली. जिथे उघडं पाणी होतं तिथे ते राहिना, जिथे मऊ चिखल होता तिथे चोच जाईना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८०च्या दशकात इथे दहा वर्षं अभ्यास केला. डॉ. व्ही. एस. विजयन यांनी १९९१ साली मांडलेल्या त्याच्या अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट होता. चराईबंदीमुळे गवत माजलं आणि त्यामुळे मासे व पाणपक्षी यांचं नुकसान झालं. म्हैस या पाणथळीची शत्रू नव्हती, तिचं काम करणारी होती.

मला या अहवालाबद्दल मनापासून आदर वाटतो. वरिष्ठांचं, जनमताचं आणि कायद्याचं वारं एका दिशेने वाहत असताना, दहा वर्षं चिखलात उभं राहून मोजायचं आणि मग "आपण समजत होतो ते बरोबर नव्हतं" असं लिहायचं, याला धैर्य लागतं. मी एका पानाच्या चौकशीत ते दाखवू शकलो नव्हतो.

कंदासाठी आलेला पाहुणा

भरतपूरचा सगळ्यात दुर्मिळ पाहुणा होता सायबेरियन क्रौंच. पांढराशुभ्र, लाल चेहऱ्याचा, पंखांची टोकं काळी. पश्चिम सायबेरियातून पाच हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून तो हिवाळ्यात इथे येई. १९६०च्या दशकाच्या मध्याला इथे त्यांची संख्या दोनशेच्या आसपास नोंदली गेली होती. दहा वर्षांत ती साठच्या घरात आली आणि पुढे घसरतच गेली.

हा पक्षी इथे खायचा काय? रॉन सॉवी या अमेरिकन अभ्यासकाने १९७०च्या दशकात भरतपूरला राहून त्याचा माग ठेवला. तो मुख्यतः कंद खात असे, लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पतींचे कंद. उथळ पाण्यात उभं राहून, लांब चोच चिखलात खुपसून तो ते उकरून काढी. त्यांत एक होता सायपेरस रोटुंडस, म्हणजे आपला मोथा. शेतकरी बंधूंनो, तुम्ही ज्याला शिव्या देता, खुरपून खुरपून ज्याची गाठ जमिनीत उरतेच, तोच हा. जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांत त्याची गणना होते. आणि त्याच गाठीसाठी एक पक्षी सायबेरियातून उडत येत होता.

इथे मला काळजीपूर्वक बोललं पाहिजे. क्रौंच केवळ पास्पालममुळे नाहीसे झाले, असं म्हणणं चुकीचं होईल. त्यांच्या वाटेवर अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात त्यांची शिकार होत होती. वाटेतल्या पाणथळी खराब झाल्या होत्या. बंदीच्या आधीच संख्या घटत होती. पण जे थोडे इथपर्यंत पोहोचत होते त्यांना उथळ पाणी, मऊ चिखल आणि कंद मिळायला हवे होते, आणि त्याच जागेवर गवताची गादी पसरत होती.

१९९४च्या जानेवारीत मी सुट्टीवर होतो. पत्नीला घेऊन भरतपूरला गेलो. तिथे सायकलरिक्षावाले पक्षी दाखवत हिंडवतात. आमचा रिक्षावाला सरदारजी होता आणि त्याला पक्ष्यांची नावं इंग्रजीत तोंडपाठ होती. दिवसभर त्याने आम्हाला करकोचे, बदकं, गरुड दाखवले. शेवटी मी विचारलं, "सायबेरियन?" त्याने एका हिरव्या पट्ट्याकडे हात केला आणि म्हणाला, "साहब, वहाँ बैठते थे. इस साल नहीं आये."

मी त्या पट्ट्याकडे पाहिलं. एकसारखं हिरवं दिसत होतं. पंजाबातल्या त्या संध्याकाळी दिसलं होतं तसंच. या वेळी मी बूट काढले आणि काठावर जिथवर परवानगी होती तिथवर उतरलो. हाताला लागलं ते पेराचं होतं, गवत. पलीकडे पाणकणसाचा एक पुंजका उभा होता. तीन कडांचा दांडा मला त्या दुपारी सापडला नाही. एका माणसाला एका दुपारी सापडला नाही म्हणजे तो नव्हता असं नव्हे. पण पत्नीने विचारलं, "काय शोधताय?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

पुढे एक-दोन वर्षांनी मोजके क्रौंच पुन्हा आले. शेवटची जोडी २००१-०२च्या हिवाळ्यात दिसली. त्यानंतर भरतपूरला हा पक्षी आलेला नाही.

मग काय करायचं?

भरतपूरची गोष्ट तिथे संपली नाही. पुढे गावकऱ्यांना उद्यानातलं गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. उद्यानात माजलेली विलायती बाभूळ काढण्याच्या कामातही आसपासच्या गावांना सहभागी करून घेतलं गेलं. ज्यांना गोळीबार करून बाहेर काढलं होतं त्यांचेच हात शेवटी लागले. उशिरा का होईना, हे शहाणपण आहे. मात्र पाण्याचं दुखणं मोठं आहे. वरच्या अंगाला गंभीर नदीवर पाँचना धरण झाल्यापासून अजान बांधात पाणी कमी येतं, आणि पाण्यासाठी दुसरीकडून कालव्याने, पाइपाने सोय करावी लागते. सूरजमलच्या मुलखात पाण्याची लढाई अजून चालू आहे.

आपण मराठी माणसं आता देशभर आहोत. तुमच्यापैकी कोणी इंदूरला असेल, कोणी हैदराबादला, तंजावरला, बेळगावला, दिल्लीला. प्रत्येक शहरात एक तळं असतं आणि अधूनमधून त्याच्या सुशोभीकरणाची टूम निघते. यंत्र येतं आणि काठाचा सगळा हिरवा झाडोरा 'गवत' म्हणून एका दिवसात उपसला जातो. कधी कधी काढणं गरजेचंही असतं. पाणकणीस मोकाट सुटलं तर तळं गिळतं. पण त्याच पाणकणसात पाणकोंबड्या घरटी करतात आणि काठ धरून ठेवायला त्याची मुळं उपयोगी पडतात. म्हणून सगळं काढू नका आणि सगळं ठेवूही नका. आधी कोण कोण आहे ते पाहा. यंत्र यायच्या आदल्या दिवशी काठावर जा. एक दांडा बोटांत फिरवा, कापून पाहा. आणि तिथे म्हशी, बकऱ्या घेऊन कोणी उभं असेल, जाळं टाकून कोणी बसलं असेल, चटईसाठी काड्या कापत कोणी असेल, तर त्याला विचारा. तो बोलेल ते लिहून घ्या. त्याने न विचारता सांगितलं तर दुप्पट लक्ष द्या.

वडोदऱ्याच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं आता पुरं उत्तर देतो. फोटोतलं ते पाणकणीस. तुकोबांचा लव्हाळा वेगळा. त्याचा दांडा बारीक आणि लवचीक, पुराचं पाणी आलं की तो आडवा होतो आणि खाली मुळाच्या गाठी चिखल धरून असतात. पूर ओसरला की तो पुन्हा उभा राहतो. पुराला तो पुरून उरतो हे तुकोबांनी पाहिलं होतं. तुमच्या तळ्यावर पुन्हा गेलात की पाणकणसाच्या पायथ्याशी, उथळ पाण्याच्या कडेला शोधा. घोट्याएवढा, तीन कडांचा. बहुधा सापडेल. सापडला तर मला फोटो पाठवा, आणि या वेळी दांडा हातात धरलेला.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.